धाकूला मारलेली हाक

आमच्या चाळीत कुणी कुणाला वेळ विचारत नसे. गिरणीचा भोंगा झाला की पुरुष उठत आणि मागच्या रुळांवरून पहिली गाडी धडधडत गेली की बायका चूल पेटवत. चिंचपोकळीची ती चाळ रेल्वेच्या कुंपणाला इतकी खेटून होती की गाडी जाताना आमच्या फळीवरची भांडी एकमेकांवर आपटत. गावाहून आलेला पाहुणा पहिल्या रात्री दचकून उठून बसे आणि घरात कुणीच हललेलं नाही हे पाहून आणखी घाबरे. आम्हा पोरांचं उलट होतं. एखादे दिवशी गाडी वेळेवर आली नाही तर आम्हाला जाग येई. आईचा इंजिनावर एकच राग होता, तो वाळत घातलेल्या कपड्यांवर पडणाऱ्या काजळीचा. पांढरं लुगडं नेसायची हौस तिने मुंबईत पाऊल टाकलं त्याच महिन्यात सोडून दिली होती.

शेजारच्या खोलीत पार्वतीकाकी राहायची. ती आमच्याच गावची, नवरा तापाने गेलेला, एकुलता एक मुलगा धाकू. गिरणीतल्या अठरा एकट्या पुरुषांची खानावळ ती दहा बाय दहाच्या त्या खोलीत चालवायची. पहाटेपासून तिच्याकडचे आवाज भिंतीतून येत. आधी पाट्यावर वरवंटा, मग भाकरी थापण्याचा पटपट आवाज, मग सुका बांगडा निखाऱ्यावर पडला की त्या वासाने आमच्या झोपेचं उरलंसुरलं वाटोळं होई. कुळथाची पिठी, उकड्या तांदळाचा भात, सोलाची कढी आणि पगाराच्या आठवड्यात ताजं मासळीचं कालवण, एवढंच तिचं पाकशास्त्र. पण त्या अठरा जणांतल्या एकानेही कधी दुसरी खानावळ धरली नाही. ते पंगतीला बसून गिरणीत मुकादमी करणाऱ्या जॉबरला शिव्या घालू लागले की काकी पळी आपटून म्हणायची, “आधी गिळा, मगे काय ता बोला.” मोठमोठे मिशाळ पुरुष मुकाट्याने खाली माना घालत. मीही त्या पंगतीच्या कडेला बसून पुष्कळदा जेवलो आहे. आमच्या घरी जेवण नव्हतं असं नाही. काकीच्या हाताला चव होती आणि ती मला धाकूच्या आधी वाढायची, एवढंच त्याचं कारण.

धाकू माझ्याच वयाचा, अकरा-बारा वर्षांचा, पण अंगाने चपळ. हुतूतूत त्याचा दम असा की पलीकडची पोरं वाट पाहून कंटाळत. आमच्या चाळीचा संघ म्हणजे धाकू आणि बाकीचे सहा, असं पलीकडच्या चाळीतलेही मान्य करत. मी त्या बाकीच्या सहांतला. माझी अक्कल पायात नव्हती, डोक्यात होती, असं माझं मत होतं. शाळेत माझा पहिला नंबर असायचा. त्याचा मला माज होता आणि वडिलांना धास्ती होती, कारण पोरगा शिकून बिघडेल असं त्यांना वाटे. ते गिरणीत साच्यावर काम करायचे. बोलायचे कमी, पण एक वाक्य त्यांनी मला महिन्यातून एकदा तरी ऐकवलेलं असे, “तुझी एक तक्रार माझ्या कानार इली, तर दुसऱ्या दिवशी पाटी-पुस्तक चुलीत आणि तू गिरणीत.” माझ्या वयाची पोरं तेव्हा अर्ध्या दिवसाच्या कामाला गिरणीत जात. कापसाचे तंतू केसांत घेऊन ती दुपारी परत येताना मी पाहत असे. वडील बोललेलं करत, हे मला ठाऊक होतं.

रूळ हे आमचं अंगण होतं. कुंपणाच्या दोन लोखंडी पट्ट्या कुणीतरी कधीतरी वाकवून ठेवल्या होत्या आणि त्या फटीतून सगळी चाळ ये-जा करायची. फाटकापर्यंत वळसा घालून जाणारा माणूस आम्हाला नवखा वाटे. पोरं पडलेला कोळसा वेचत, गाडी किती दूर आहे हे रुळाला कान लावून सांगत, मालगाडीच्या उभ्या डब्यांच्या, म्हणजे वाघिणींच्या, खालून पलीकडे जात. आमच्या चाळीत एका मुलाची तीन बोटं गेलेली होती. तळमजल्यावरच्या एका मुलीच्या कपाळावर इंजिनाच्या पायरीचा व्रण होता. मोठी माणसं हळहळत, चार दिवस पोरांना घरात कोंडत, आणि पाचव्या दिवशी त्याच फटीतून स्वतः कामाला जात. आज वर्तमानपत्रात रुळावर गाडीखाली सापडलेल्या मुलांच्या बातम्या दोन ओळींत येतात. मी त्या वाचतो आणि वाचून झाल्यावर पान उलटवायला मला वेळ लागतो. त्या दोन ओळींच्या मागे कुणीतरी उभं असणार, आणि त्याचं नाव बातमीत कधीच येत नाही.

आता शिमग्याविषयी सांगितलं पाहिजे. आमच्या गावी होळीला अख्खं झाड तोडून वाजतगाजत आणतात. मुंबईत झाड कुठलं? म्हणून चाळीसमोर मधोमध एक लांब वासा उभा करायचा आणि त्याच्याभोवती गोवऱ्या, फुटकी खोकी, मोडक्या खाटा रचायच्या. ज्या चाळीचा वासा उंच तिचा मान मोठा. आणि हा वासा विकत आणायचा नाही, चोरूनच आणायचा, हा रिवाज. एरवी दुसऱ्याच्या काडीला हात न लावणारी माणसं त्या दिवसापुरती पोरांच्या चोरीकडे काणाडोळा करत. चोरीचे नियमही ठरलेले होते. चोरी चालू असताना कुणी कुणाचं नाव घ्यायचं नाही, कारण नाव ऐकू गेलं की मालक थेट त्या घरी येतो. दुसरं म्हणजे कुणी तोंडावर हात मारून बोंब ठोकली, तर ऐकणाऱ्याने उलट बोंब ठोकायचीच. नाही ठोकली तर वर्षभर त्याला भित्रा म्हणायचे. होळीपौर्णिमेच्या दिवशी सकाळपासून परळ ते भायखळा नुसत्या बोंबा चालत.

स्टेशनापुढे एका लाकडाच्या वखारीसाठी रुळाचा एक वेगळा फाटा काढलेला होता. होळीच्या दिवशी तिथे वाघिणींची रांग उभी होती आणि रांगेपलीकडे सरळसोट वाशांचा ढीग रचलेला होता. हा शोध माझा. बेतही माझाच. धाकूने वाघिणीखालून पलीकडे जायचं, एकेक वासा ओढून चाकांच्या मधून अलीकडे सरकवायचा. चाळीतल्या दुसऱ्या दोघांनी तो अलीकडून ओढून घ्यायचा. मी रांगेच्या टोकाजवळ, इंजिन दिसेल अशा जागी उभं राहायचं. इंजिन रांगेकडे येताना दिसलं तर खूण करायची. खूण काय? शीळ घातली असती तर वखारीच्या पहारेकऱ्याने मान वर केली असती. तो आमच्याच गावाकडचा होता आणि माझ्या वडिलांना ओळखत होता. मग माझ्या पहिल्या नंबरच्या डोक्यातून तोड निघाली. खूण म्हणजे बोंब. आज बोंबेकडे लक्ष देणार कोण?

धाकू माझ्यासारखा पुस्तकी हुशार नव्हता, पण त्याला लगेच कळलं. तो म्हणाला, “अरे, आज सगळी मुंबय बोंब मारतली. तुझी खंयची ती माका कशी कळतली?”

मी रागावलो. माझ्या युक्तीला कुणी खोट काढलेली मला सोसत नसे. मी म्हणालो, “माझी बोंब तुका वळखूक येणा नाय? इतकी वर्सा शेजारी रवतस मां?”

तो हसला. “बरा. तू बोंब मार, मी भायर येतंय,” म्हणाला आणि वाघिणीखाली शिरला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आपण म्हणतो. माझा बैल रिकामा राहिला असता तरी चाललं असतं.

भर दुपार होती. घरून निघताना काकीच्या खोलीत पुरण शिजत होतं. अठरा माणसांना वर्षातून एकदाच पुरणपोळी मिळायची, तिचा तो मोठा दिवस. जायफळाचा वास जिन्यापर्यंत आला होता आणि धाकूला तिने ‘परत इल्यार पयली पोळी तुका’ असं सांगितलेलं मी ऐकलं होतं. पहिला वासा सुखरूप अलीकडे आला. दुसराही आला. दोन वासे पुष्कळ झाले, असं अलीकडचा एक मुलगा म्हणाला. पण पलीकडच्या चाळीने म्हणे तीन आणले होते. मी हाताने खूण केली, आणखी एक. तीही खूण माझीच.

तिसऱ्या वेळी धाकू पलीकडे गेला, वासा ओढत परत वाघिणीखाली आला, आणि तेवढ्यात इंजिन रांगेच्या दुसऱ्या टोकाला येऊन लागताना मला दिसलं. मी तोंडावर हात मारून बोंब ठोकली. चांगली लांब, जीव तोडून ठोकली. वखारीमागच्या चाळीतून लगेच पाच-सहा पोरांनी उलट बोंब ठोकली. आणि वाघिणीखालून धाकूनेही ठोकली. हसत हसत. ती अजून माझ्या कानात आहे. त्याला वाटलं, बोंबेला बोंब द्यायची ती दिली.

ज्यांनी मालगाडी सुटताना ऐकली आहे त्यांना ठाऊक असेल, सगळे डबे एकदम हलत नाहीत. इंजिनाचा धक्का पहिल्या वाघिणीला बसतो, तिचा दुसरीला, दुसरीचा तिसरीला, आणि तो खण्‌खण् आवाज रांगेतून चालत येतो. तो आवाज धाकूपर्यंत यायला थोडा वेळ होता. फार नव्हता, पण ‘धाकू’ म्हणायला पुरेल एवढा होता. आमच्या चाळीत त्या नावाचा तो एकटाच. त्या गोंगाटात त्याला दुसरं काही कळलं नसतं, पण स्वतःचं नाव कळलं असतं. ते नाव माझ्या जिभेवर आलं होतं. त्याच क्षणी ढिगाच्या टोकाला बसलेल्या पहारेकऱ्याचं मुंडासं मला दिसलं, वडील दिसले, चुलीत गेलेली पाटी दिसली. मी नाव गिळलं आणि दुसऱ्यांदा बोंब ठोकली. पहिल्यापेक्षा मोठ्याने.

मग मी धावलो. मग मी त्याचं नाव घेतलं, शंभर वेळा घेतलं, साऱ्या वखारीला ऐकू जाईल असं घेतलं. बाकीची दोघं केव्हाच पळाली होती. पहारेकरी आणि रुळांचे सांधे बदलणारा एक सांधेवाला यांनी मिळून धाकूला बाहेर काढलं. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली पाहण्यासारखा राहिला नव्हता. तो रडत नव्हता. डोळे मोठे करून माझ्याकडे पाहत होता आणि त्याचा दम, तो हुतूतूतला लांब दम, तुटक तुटक येत होता. वखारीच्या खटाऱ्यात घालून त्याला सरकारी इस्पितळात नेलं.

काकीला कुणी जाऊन सांगितलं, मला आठवत नाही. ती आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांना मनगटापर्यंत पुरण लागलेलं होतं. हात धुवायचं तिला सुचलं नव्हतं आणि तिथे कुणी पाणी दिलं नाही. डॉक्टर आत पाय कापत होते. आम्ही बाहेर फरशीवर बसलो होतो, आणि ते पुरण तिच्या हातांवर सुकून तडकत चाललं होतं. तिने एकदाही हंबरडा फोडला नाही. पुष्कळ वेळाने ती माझ्याकडे वळली.

“नारू, तू थंय होतंस. माझ्या झिलाक नावान एक हाक मारलंस काय नाय?”

तिने बोंबेचं विचारलं नाही, नावाचं विचारलं. चाळीतल्या बाईला शिमग्याचे नियम ठाऊक होते. मी म्हणालो, “मारलंय, काकी.”

“मगे तेना आयकल्यान नाय?”

मी मान हलवली. नाही. मारली होती हे खोटं नव्हतं, अशी माझी मी समजूत घातली. पाय गेल्यावर शंभर वेळा मारली होती. बारा वर्षांच्या मुलालाही इतकी वकिली येते.

चाळीने त्या संध्याकाळी वासा न उभारता चार गोवऱ्यांची होळी पेटवली, नुसता नेम चुकू नये म्हणून. नारळ पडला, पण बोंब कुणी मारली नाही. वखारीचा मालक भला असावा, त्याने तक्रार केली नाही. पहारेकऱ्याने वडिलांना माझं नाव सांगितलं होतं. वडील रात्री माझ्याजवळ बसले आणि त्यांनी एवढंच म्हटलं, “तू हाक तरी मारलंस.” माझी शाळा सुटली नाही.

शिमगा गेला तरी कवित्व राहतं म्हणतात. आमच्या चाळीत ते धाकूच्या डोक्यावर राहिलं. नावाने हाक मारूनही जो बाहेर आला नाही तो मुलगा, अशी त्याची ओळख झाली. बायका पोरांना दटावू लागल्या, “धाकूसारखो करू नको, हाक मारली की ओ दी.” काकीने त्याला जिवापाड जपलं, पाठीवर घेऊन जिना चढवला-उतरवला, पण तिचा त्याच्यावरचा राग गेला नाही. भाकरी थापता थापता ती मध्येच थांबायची आणि कुणालाही उद्देशून म्हणायची, “नारून नावान हाक मारल्यान, तरी ह्यो भायर इलो नाय.” धाकू दाराशी बसून विड्या वळत असायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते मी त्या दारात पाहिलं. मी तिथे असलो की तो एकदा माझ्याकडे पाहायचा आणि पुन्हा विडीचं पान कातरायला लागायचा. मला वाटे, त्या गडबडीत त्याला काही आठवत नसावं. मला तसं वाटून घ्यायचं होतं.

पुढे प्लेग आला आणि अर्धी चाळ गावी पळाली. धाकू आणि काकी राहिली आणि वाचली. मी शिकलो, मास्तर झालो, दादरला बिऱ्हाड केलं. सुरुवातीला दर रविवारी धाकूकडे जात असे. त्याला अक्षरं शिकवली, वाचायला वर्तमानपत्र नेलं. मी गेलो की त्याचा चेहरा उजळे, तो हुतूतूच्या जुन्या डावांची एकेक पकड सांगत बसे. मग रविवारचा महिना झाला, महिन्याचं गणपती आणि दिवाळी झाली. कारणं होती. कारणं नेहमीच असतात. एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही, ती इथे लिहितो. वर्गात पोरं ऐकेनाशी झाली की मी त्यांना हाकेला ओ न देणाऱ्या एका मुलाची गोष्ट सांगत असे. पोरं गप्प बसत. चांगली गोष्ट होती ती. मी ती बरीच वर्षं सांगितली.

काकी म्हातारी होऊन गेली. जाण्याच्या काही महिने आधी तिने अंथरूण धरलं तेव्हा मी भेटायला गेलो; तिला माणसं ओळखू येत होती. माझा हात धरून तिने धाकूला सुनावलं, “ह्येना हाक मारल्यान मां तुका? मगे?” धाकू म्हणाला, “व्हय गे आये, मारल्यान.” मी सांगायचंच म्हणून गेलो होतो. सांगितलं नाही. मरणाऱ्या बाईला कशाला त्रास द्यायचा, असं मी जिना उतरताना स्वतःला म्हणालो.

तेराव्याला जेवणं झाली, माणसं पांगली. खोलीत आम्ही दोघंच उरलो. खानावळ बंद होऊन वर्षं झाली होती, पण कोपऱ्यात तो पाटा तसाच होता. धाकू कुबडी भिंतीला लावून बसला होता. मी त्याला म्हणालो, “धाकू, त्या दिवशी मी तुला नावाने हाक मारली नव्हती. तुझ्या आईला मी खोटं सांगितलं.”

त्याने मान वरही केली नाही. विड्यांचं सूप मांडीवर ओढलं आणि म्हणाला, “माका म्हायत आसा. मी थंयच होतंय मां.”

मी एवढंच विचारलं, की मग आईला कधी सांगितलं का नाहीस? जन्मभर तिच्याकडून ऐकून का घेतलंस?

त्याने एक पान कातरलं, तंबाखू घातला, विडी वळली, दोरा बांधला. मग म्हणाला, “सांगलंय असतंय तर आयेन तुका दारात उभो केल्यान नसतो. मगे तू येवचो बंद झालो असतस. माझ्याकडे दुसरो कोण येय होतो?”

त्या दिवशी मी त्याच्याकडे आलो होतो तो सात महिन्यांनी.